कोहामध्ये आलेल्या नव्या सोयी आणि त्या सुरू करण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

कोहा या मुक्तस्रोत ग्रंथालय व्यवस्थापन प्रणालीची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबर महिन्यांत प्रसिद्ध होते. २०१६ पासून आवृत्तीला क्रमांकच वर्ष आणि महिना यांवरून दिला जातो, त्यामुळे २२.११ ही २०२२ च्या नोव्हेंबरमधील आवृत्ती आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रत्येक आवृत्तीसोबत एक लांबलचक प्रकाशन-टिपण येते आणि त्यात नव्या सोयी, जुन्या सोयींतील सुधारणा व दुरुस्त केलेल्या चुका यांच्या शेकडो नोंदी असतात. कोहा सांभाळणे हे माझ्या रोजच्या कामाचा भाग असल्यामुळे ही टिपणे मी बारकाईने वाचते. या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. कोहात येणारी प्रत्येक मोठी सोय ही कोणत्या तरी ग्रंथालयाच्या कामाची प्रत्यक्ष पद्धत असते, त्यामुळे ती आपल्याकडे सुरू करण्याचा निर्णय आधी धोरणाचा असतो आणि त्यानंतर संगणकाचा.

कोहाचा जन्मच अशा एका निकडीतून झाला. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी कातिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि तिचा स्रोत सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून विस्ताराची रीत फारशी बदललेली नाही. एखाद्या ग्रंथालयाला काही हवे असते, ते स्वतःच्या मनुष्यबळातून किंवा एखाद्या कंपनीला पैसे देऊन लिहून घेतले जाते, इतर ग्रंथालयांतील लोक ते तपासतात आणि मग ते सर्वांच्या कोहाचा भाग होते. ज्या ग्रंथालयाने ते मागितले त्याच्या नियमांचा आणि वाचकवर्गाचा ठसा त्या सोयीवर राहतोच. सुदैवाने बहुतेक मोठ्या सोयी बंद अवस्थेत येतात आणि सिस्टिम प्रेफरन्समध्ये (कोहाच्या सेटिंगांच्या पानावर) जाऊन त्या मुद्दाम सुरू कराव्या लागतात. या मधल्या थांब्याचा ग्रंथालयाने विचारासाठी उपयोग करून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण देवघेव विभागात सापडते. एखाद्या पुस्तकावर वाचकाने आपला हक्क सांगण्याचा कोहातील जुना मार्ग म्हणजे आरक्षण. पुस्तक दुसऱ्याकडे असेल तर वाचक रांगेत उभा राहतो, पुस्तक परत येते आणि रांगेतील पहिल्या व्यक्तीसाठी बाजूला ठेवले जाते. आरक्षण संपूर्ण नोंदीवर, म्हणजे जी प्रत आधी मिळेल तिच्यावर करता येते किंवा एका ठरावीक प्रतीवर करता येते. बहुखंडी ग्रंथांच्या बाबतीत मात्र हे दोन्ही पर्याय अपुरे पडत. कोशाचे सर्व खंड एकाच नोंदीखाली असतील आणि प्रत्येक खंडाच्या तीन प्रती असतील, तर वाचकाला हवा असतो चौथा खंड, त्याची कोणतीही प्रत. नोंदीवरच्या आरक्षणात त्याच्या हाती पहिला खंड येण्याची शक्यता असे, आणि प्रतीवरच्या आरक्षणात चौथ्या खंडाची दुसरी प्रत कपाटात असूनही तो ताटकळत राही. आता प्रतींचे गट करता येतात आणि आरक्षण गटावर घेता येते. ज्यांच्याकडे कोश, गॅझेटियर, समग्र वाङ्मय यांचे संच आहेत त्यांनी ही सोय आवर्जून वापरावी. तिच्यासाठी करायचे काम एवढेच की जुन्या नोंदींतील प्रती एकदा बसून खंडांनुसार गटांत टाकायच्या.

२२.०५ या आवृत्तीत परतमागणीची सोय आली. आरक्षणात वाचक वाट पाहतो. परतमागणीत ग्रंथालय पुस्तक ज्याच्याकडे आहे त्याला ते लवकर परत करण्यास सांगते. मागणी नोंदली गेली की त्या वाचकाची परतीची तारीख अलीकडे आणली जाते, त्याला सूचना जाते आणि नव्या तारखेनंतर उशीर झाल्यास परतमागणीसाठी ठरवलेला वेगळा दंड लागू होतो. तारीख किती दिवसांवर आणायची, एका वाचकाला एका वेळी किती परतमागण्या करता येतील, पुस्तक कपाटात उपलब्ध असताना परतमागणी चालेल का आणि दंड किती, हे सर्व देवघेवीच्या नियमांच्या तक्त्यात शाखा, वाचकवर्ग आणि सामग्रीचा प्रकार यांनुसार भरायचे असते.

या सोयीमागचे ग्रंथालय कोणत्या प्रकारचे असणार याचा अंदाज करता येतो. जिथे अध्यापकांना पुस्तक संपूर्ण सत्रासाठी दिले जाते आणि नूतनीकरण सहज होते, तिथे एकच प्रत महिनोन्महिने एका टेबलावर पडून राहते आणि तीच प्रत दुसऱ्या संशोधकाला आठवडाभरासाठी हवी असते. तिथे परतमागणी न्याय्य आहे. उलट ज्या ग्रंथालयात पुस्तक दोन आठवड्यांसाठीच जाते, तिथे ती सुरू केल्यास वाचकाला दिलेला शब्द मध्येच मोडल्यासारखे होईल आणि मिळणारा फायदा पाच-सहा दिवसांचा असेल. मी तर म्हणेन की पुस्तक घेताना ‘हे मुदतीपूर्वी परत मागितले जाऊ शकते’ हे वाचकाला नियमावलीत आधी सांगितलेले नसेल, तर परतमागणी सुरूच करू नये. कोहाने तारीख बदलली म्हणून वाचकाने ती मान्य केली असे होत नाही.

पूर्वनोंदणी ही तिसरी सोय त्यानंतर आली. वस्तू आत्ता कोणाकडे आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. पुढच्या एखाद्या कालावधीसाठी, म्हणजे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, ती राखून ठेवली जाते. वर्गात दाखवण्यासाठी लागणारा प्रोजेक्टर, कॅमेरा, शैक्षणिक साहित्याची पेटी किंवा वाचनगटासाठी लागणाऱ्या प्रतींचा संच यांसाठी ग्रंथालये वेगळी वही ठेवत असत. आता ती प्रत पूर्वनोंदणीयोग्य आहे असे प्रतीच्या पातळीवर ठरवता येते आणि तारखा आमनेसामने आल्या तर कोहा देवघेवीच्या वेळीच कर्मचाऱ्याला थांबवते. तरीही इथे सावध राहावे लागते. पूर्वनोंदणी तारखांवर चालते आणि आरक्षण रांगेवर. एकाच प्रतीवर दोन्ही सुरू ठेवल्यास रांगेतला वाचक आणि तारीख राखलेला वाचक या दोघांनाही आपलाच हक्क आधीचा आहे असे वाटणार, आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असणार. पूर्वनोंदणीसाठी प्रती किंवा सामग्रीचे प्रकार वेगळे काढावेत आणि त्यांवर आरक्षण नियमानेच बंद ठेवावे, हा मला दिसणारा सरळ मार्ग आहे. आरक्षण, परतमागणी आणि पूर्वनोंदणी या तिन्ही सोयी आपल्याकडे असाव्यातच असा हट्ट धरण्याचे कारण नाही.

संच किंवा पेटी याचा उल्लेख आलाच आहे, तर प्रतींच्या गठ्ठ्याची सोय इथेच सांगते. अनेक वस्तू एकत्र करून त्या एकाच बारकोडवर देण्याची व्यवस्था आता कोहात आहे. मार्क हे ग्रंथनोंदी संगणकात ठेवण्याचे प्रमाणित स्वरूप आहे; त्याच्या लीडरमध्ये, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या सांकेतिक भागात, गठ्ठ्याची नोंद संग्रह म्हणून दर्शवावी लागते, त्यानंतर तिच्या प्रतीत इतर नोंदींच्या प्रती बारकोड वाचून भरता येतात. गठ्ठ्यात असेपर्यंत त्या प्रती स्वतंत्रपणे देण्यासाठी उपलब्ध नाहीत अशी खूण त्यांच्यावर राहते. गठ्ठा परत आला की आतील प्रत्येक वस्तूचा बारकोड वाचून पडताळणी करता येते आणि जी आली नाही तिला हरवल्याची खूण लागते. शाळांना किंवा शाखांना पुस्तकपेट्या पाठवणाऱ्या ग्रंथालयांचे यादी तपासण्याचे किचकट काम यामुळे बरेच सुटसुटीत होते. पेटी परत घेताना प्रत्येक बारकोड वाचण्याइतका वेळ कर्मचाऱ्याला दिला जाणार का, हे मात्र व्यवस्थापनाने ठरवायचे आहे; घाईघाईत पेटी जशीच्या तशी जमा करून घेतली तर या सोयीचा अर्धा उपयोग वाया जातो.

तालिकीकरणात माझ्या दृष्टीने अलीकडच्या वर्षांतील सर्वांत मोलाची भर म्हणजे नोंद-अधिलेखनाचे नियम. बाहेरून मार्क नोंद आणली की ती आपल्या जुन्या नोंदीवर बसते आणि तालिकाकाराने वर्षानुवर्षे घातलेली स्थानिक विषयशीर्षके, टिपा, देणगीदारांचे उल्लेख पुसले जातात. कोहाच्या वापरकर्त्यांचे हे जुने दुःख होते. आता मार्क क्षेत्रानुसार नियम करता येतात. एखादे क्षेत्र पूर्ण संरक्षित ठेवायचे, एखाद्यात नवी भर घालू द्यायची पण जुने पुसू द्यायचे नाही, एखादे सरसकट नव्याने लिहू द्यायचे, हे आयात कोणत्या मार्गाने होते आणि कोण करते यांनुसार ठरवता येते. झेड ३९.५० द्वारे (दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकांतून नोंदी मागवण्याच्या प्रमाणित पद्धतीने) एकेक नोंद आणणारा अनुभवी तालिकाकार आणि एकदम हजारो नोंदी आत घेणारी रात्रीची प्रक्रिया या दोघांना वेगळे अधिकार देणे त्यामुळे शक्य होते. नियम लिहिण्याआधी आपली स्थानिक क्षेत्रे कोणती आहेत याची यादी हाती असणे आवश्यक आहे. बऱ्याच ग्रंथालयांत ही यादी एका व्यक्तीच्या स्मरणात असते. ती कागदावर उतरवण्यास हे उत्तम निमित्त आहे.

२२.११ या आवृत्तीत ई-संसाधन व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग आला. इलेक्ट्रॉनिक नियतकालिके आणि पुस्तके यांचे करारनामे, परवाने, त्यांच्या मुदती, करारातील पक्ष, संबंधित कागदपत्रे आणि त्या करारांखाली मिळणारी शीर्षके हे सर्व यात एकमेकांशी जोडून ठेवता येते. पुढच्या आवृत्तींत त्याला वापराच्या आकडेवारीची जोड मिळाली: काउंटर या प्रमाणित स्वरूपातील अहवाल फाइलने भरता येतात किंवा सुशी या पद्धतीने प्रकाशकाच्या सर्व्हरवरून आपोआप आणता येतात. ज्या ग्रंथालयांची अर्धीअधिक रक्कम ई-वर्गण्यांवर जाते आणि ज्यांचे करारनामे कोणाच्या तरी ईमेलमध्ये पडून आहेत, त्यांना हा विभाग फार उपयोगी पडेल. नूतनीकरणाच्या वाटाघाटीत मागील वर्षी कोणत्या शीर्षकाचे किती लेख उघडले गेले हे समोर असणे ही ग्रंथपालाची मोठी ताकद असते. दोन-तीनच वर्गण्या असलेल्या छोट्या ग्रंथालयाने त्यात वेळ घालू नये; त्याच्यासाठी एक साधा तक्ता पुरेसा आहे.

२३.११ मध्ये आलेला जतन विभागही असाच विशिष्ट ग्रंथालयांसाठी आहे. बांधणी सुटलेल्या, कीड लागलेल्या किंवा कागद ठिसूळ झालेल्या प्रती आधी प्रतीक्षायादीत जातात, मग त्यांचे गट केले जातात (या गटांना कोहात ‘ट्रेन’ म्हणतात), आणि प्रत्येक गट ठरलेल्या प्रक्रियेसाठी पाठवला जातो. प्रक्रियेनुसार कोणती माहिती नोंदवायची, म्हणजे उंची, कागदाची अवस्था, कापडाचा रंग, हे ग्रंथालयाने ठरवायचे. जुन्या संग्रहांच्या ग्रंथालयांत बांधणीला गेलेले पुस्तक नेमके कोठे आहे हे वाचकाला सांगता येत नाही, ही लाजिरवाणी अवस्था यामुळे टळू शकते. हा विभाग वापरणारी ग्रंथालये थोडी असतील, तरी कोहात तो आहे याचा मला आनंद आहे, कारण जतनाचे काम सहसा कोणत्याच प्रणालीच्या आराखड्यात येत नाही.

लहान सोयींपैकी काही मी विचार न करता सुरू कराव्यात असे सांगेन. कर्मचारी खात्यांसाठी द्विस्तरीय पडताळणी २२.०५ पासून उपलब्ध आहे. पासवर्डनंतर मोबाइलमधील अॅपवर येणारा क्रमांक टाकावा लागतो. वाचकांची वैयक्तिक माहिती ज्या खात्यांतून दिसते त्यांच्यासाठी ती सक्तीचीच असावी. खाते संरक्षित म्हणून चिन्हांकित करण्याची सोय तितकीच उपयुक्त आहे, कारण स्वयंसेवा यंत्रासाठी किंवा आकडेवारीसाठी तयार केलेली खाती निष्क्रिय सभासदांच्या एकगठ्ठा सफाईत पुसली जाण्याचा धोका त्यामुळे राहत नाही. तालिकेतील चूक वाचकाने ओपॅकवरूनच, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन तालिकेवरूनच, कळवण्याची आणि तिचा पाठपुरावा कर्मचाऱ्यांनी करण्याची व्यवस्थाही चांगली आहे, फक्त आलेल्या प्रत्येक तक्रारीला उत्तर देणारी व्यक्ती नेमलेली हवी.

पडद्यामागे झालेला एक बदल वाचकाला दिसत नाही, पण कर्मचाऱ्यांना रोज जाणवतो. हजारो प्रतींत एकदम बदल करणे, नोंदी एकगठ्ठा पुसणे, अनुक्रमणिका ताजी करणे ही कामे पूर्वी ब्राउझरच्या खिडकीत बसून चालत आणि मध्येच वेळ संपून अर्धवट राहण्याची भीती असे. आता ती पार्श्वभूमीतील कामांच्या रांगेत जातात, रॅबिटएमक्यू त्यांची वाहतूक करते आणि वेगळा कार्यकारी प्रोग्रॅम ती पूर्ण करतो. काम कोठवर आले हे वेगळ्या पानावर पाहता येते. सर्व्हर सांभाळणाऱ्याने हा कार्यकारी प्रोग्रॅम चालू आहे ना, यावर लक्ष ठेवले पाहिजे. तो बंद पडला तर बाकी सर्व ठीक दिसते आणि बदल मात्र होत नाहीत.

मराठी संग्रह असलेल्यांसाठी शोधाचा विषय थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो. कोहात शोधासाठी झेब्रा किंवा इलॅस्टिकसर्च यांपैकी एक इंजिन वापरता येते. झेब्रा वापरताना देवनागरीसाठी आयसीयूवर (युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या संगणकीय संचावर) आधारित अनुक्रमण निवडले पाहिजे, आणि इलॅस्टिकसर्चलाही आयसीयूचे प्लगइन लागतेच. पण इंजिन कोणतेही असले तरी युनिकोडमधील काही अडचणी तालिकाकाराच्या टंकलेखनातून येतात. ‘ॲ’ हे अक्षर एकाच संकेताने लिहिता येते किंवा ‘अ’ला चंद्र जोडूनही लिहिता येते, पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, युनिकोडच्या सामान्यीकरणात ती एक होत नाहीत, आणि एकाने टंकलेला ‘ॲरिस्टॉटल’ दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा रफार दोन प्रकारे टंकता येतो, त्यांपैकी एका प्रकारात न दिसणारे जोडचिन्ह दडलेले असते. अनुस्वार आणि परसवर्ण यांचा प्रश्न तर छापील मुखपृष्ठांपासूनच सुरू होतो. प्रकाशनवर्ष मुखपृष्ठावर देवनागरी अंकांत असले तरी ००८ या नियंत्रण-क्षेत्रात ते इंग्रजी अंकांतच (0 ते 9) भरावे लागते, नाहीतर वर्षांच्या मर्यादेनुसार शोध घेताना ते पुस्तक निसटते.

यांवर एकच खात्रीचा उपाय आहे: ग्रंथालयाने टंकलेखनाचा एक नियम ठरवावा, सर्व संगणकांवर एकच कळफलक-मांडणी ठेवावी आणि जुन्या नोंदींतील भिन्न रूपे एकगठ्ठा बदलाच्या साधनाने एका रूपात आणावीत. लेखकांच्या नावांची प्रमाणित नोंदसंचिका ठेवून तिच्यात पर्यायी रूपे ‘पाहा’ संदर्भांच्या क्षेत्रांत दिली, तर वाचकाने कोणतेही रूप टंकले तरी तो योग्य नावापर्यंत पोहोचू शकतो. लिप्यंतरित शीर्षकही द्यायचे असेल तर मार्क २१ मधील ८८० हे जोडक्षेत्र त्यासाठीच आहे.

नव्या सोयी हव्या म्हटल्या की अपग्रेड आले, आणि त्याची किंमत प्रकाशन-टिपणात ठळक अक्षरांत लिहिलेली नसते. ग्रंथालयाने स्वतः लिहिलेले एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेतील) अहवाल ही पहिली जागा. १७.०५ या आवृत्तीत मार्क-एक्सएमएल, म्हणजे नोंदीचा पूर्ण मार्क मजकूर, डेटाबेसच्या जुन्या तक्त्यातून काढून वेगळ्या मेटाडेटा-तक्त्यात नेले गेले, तेव्हा त्या स्तंभावर आधारलेले अहवाल चालेनासे झाले. पुढे वाचकांच्या हिशोबाच्या तक्त्यांची रचनाही बदलली. जावास्क्रिप्ट आणि सीएसएसने केलेले स्थानिक बदल ही दुसरी जागा. २२.११ मध्ये कर्मचारी-बाजूचे रूप संपूर्ण बदलले, तेव्हा जुन्या रचनेला धरून लिहिलेल्या क्लृप्त्या निकामी होणे स्वाभाविक होते. आपल्याकडे किती अहवाल आणि किती स्थानिक तुकडे आहेत, ते कोणी व कशासाठी लिहिले, याची नोंद प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावरच टिप्पणी म्हणून लिहून ठेवावी. त्यांपैकी पुष्कळ तुकड्यांची गरज नव्या आवृत्तीत उरलेलीच नसते, कारण तेच काम आता एखाद्या सेटिंगने होते.

कोणती आवृत्ती वापरावी, असे मला बऱ्याचदा विचारले जाते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजांतून कोहा बसवताना सद्य स्थिर, त्याआधीची आणि त्याहीआधीची अशा देखभालीखालील आवृत्त्या निवडता येतात, आणि त्यांना दर महिन्याच्या सुमारास दुरुस्त्या मिळत राहतात. काही आवृत्त्या दीर्घकालीन देखभालीसाठी निवडल्या जातात, २२.११ ही अशी आवृत्ती होती. ज्या ग्रंथालयात संगणकाचे काम जाणणारी व्यक्ती अर्धवेळच आहे, त्याने नव्या आवृत्तीच्या पहिल्या महिन्यात उडी घेऊ नये, एक पाऊल मागची आवृत्ती घ्यावी. मात्र देखभाल संपलेल्या आवृत्तीवर राहणे हा वाचकांच्या माहितीच्या सुरक्षिततेशी केलेला खेळ आहे आणि ‘चालते आहे तर हात कशाला लावा’ हे त्याचे समर्थन मला पटत नाही. अपग्रेडपूर्वी कोहा-डंप या आज्ञेने बॅकअप घ्यावा, तो दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून तिथे अपग्रेड करून पाहावे, देवघेव, शोध, सूचना आणि महत्त्वाचे अहवाल तपासावेत आणि मगच मूळ सर्व्हरला हात लावावा.

मुक्तस्रोत प्रणालींत कोहा एकटी नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या पाइन्स या जाळ्यासाठी लिहिलेली एव्हरग्रीन ही प्रणाली २००६ मध्ये सुरू झाली आणि अनेक ग्रंथालयांनी एकच तालिका वापरण्यावर तिचा भर आजही आहे. फोलिओ ही त्यामानाने तरुण प्रणाली स्वतंत्र मॉड्यूलांची जुळणी म्हणून बांधली जाते, तिच्या आवृत्त्यांना फुलझाडांची नावे दिली जातात आणि तिचा ओढा मोठ्या शैक्षणिक ग्रंथालयांकडे आहे. तरीही मर्यादित मनुष्यबळ असलेल्या एकट्या ग्रंथालयाला स्वतःच्या एका सर्व्हरवर चालवता येईल अशी प्रणाली म्हणून मी कोहाच सुचवेन.

आता राहिला सहभागाचा विषय. तो प्रोग्रॅमरांपुरता आहे हा समज दूर व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. कोहातील प्रत्येक बदल बगझिला या चुका व सुधारणा नोंदवण्याच्या संकेतस्थळावर एका क्रमांकाखाली नोंदला जातो. पॅच (बदलाचा लिहिलेला कोड) जोडला की त्याची अवस्था ‘साइन-ऑफ हवा’ अशी होते. लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी तो चालवून पाहायचा असतो, मग गुणवत्ता-चमूतील व्यक्ती तो पुन्हा तपासते, आणि त्यानंतर त्या आवृत्तीचा प्रकाशन-व्यवस्थापक तो कोहाच्या मुख्य कोडमध्ये घेतो. यातील पहिली पायरी ग्रंथपालाला सहज जमते. सँडबॉक्सच्या पानावर बगचा क्रमांक टाकला की तो पॅच लावलेले चाचणीचे कोहा ब्राउझरमध्येच तयार होते, बगच्या नोंदीत दिलेल्या चाचणीच्या पायऱ्या करून पाहायच्या आणि सर्व ठीक असेल तर आपल्या नावाने साइन-ऑफ द्यायचा. अनेक उपयुक्त सोयी याच पायरीवर अडकून राहतात, कारण तपासणारे हात कमी असतात. तपासणाऱ्याने ‘आमच्या ग्रंथालयात अशा वेळी असे करतात, हे यात बसत नाही’ असे लिहिले, तर सोय तयार होतानाच तिचा आकार बदलू शकतो. प्रसिद्ध झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे आहे. मराठी आणि इतर देवनागरी भाषांतील शोधाच्या ज्या अडचणी वर सांगितल्या, त्या तर अन्य लिपीत काम करणाऱ्या विकसकाला आपण दाखवल्याशिवाय दिसणारच नाहीत.

कोहाच्या पडद्यावरील वाक्यांच्या भाषांतराचे काम वेबलेट या ऑनलाइन भाषांतर-मंचावर चालते आणि तिथे खाते उघडून कोणीही वाक्ये सुचवू शकतो. दर आवृत्तीत पडद्यावरची नवी वाक्ये येतात, जुनी बदलतात, त्यामुळे एकदा पूर्ण झालेले भाषांतरही पुन्हा अपुरे होते. ओपॅकची वाक्ये आधी घ्यावीत, कारण ती वाचक रोज पाहतो. कर्मचारी-बाजूची वाक्ये त्यानंतर. आरक्षण, परतमागणी आणि पूर्वनोंदणी यांसाठी सर्वत्र एकच शब्द वापरला जाईल याची काळजी घेतली, तर वाचकाला ‘परतमागणी करा’ आणि ‘आरक्षण करा’ या दोन बटनांतील फरक ग्रंथपालाला न विचारता कळेल.